चासीला पावडर कोटिंग नकोच

जुनी टाटा-मर्सिडीज नव्याने उभी करणारे बरेच जण हल्ली चासीला पावडर कोटिंग करून घेतात. दिसतं झकास. पण १९५४पासून जमशेदपूरला बनलेल्या त्या ट्रकांच्या रिव्हेट मारलेल्या चासीला ते मानवत नाही, असं माझं ठाम मत आहे. पट्टीवर पट्टी बसते त्या फटीत पावडर नीट शिरत नाही. खडीने टवका उडाला की तिथून ओल आत सरकते, आणि चकचकीत थराखाली गंज गुपचूप पसरत राहतो. लक्षात येतं तेव्हा अख्खा पापुद्रा नखाने सोलून निघतो. गरम जस्तात बुडवणंही नको. सुमारे ४५० अंशांत लांब चासी वाकू शकते.

रत्नागिरीच्या माझ्या गॅरेजात सँडब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर लागतो. इथल्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड रात्रीत तांबूस होतं. रिव्हेटच्या डोक्याभोवती आधी ब्रश, मगच स्प्रे गन. वरून काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण नुसता इपॉक्सी उन्हात पांढुरका पडतो. मजुरी जास्त लागते, खरंय. पण पुढे टवका उडाला तर मालक स्वतः घासून तेवढ्याच जागी रंग लावू शकतो.