मिनिटांत उभी राहणारी वेबसाइट, पण किल्ली कोणाकडे?

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, शेगावहून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने निघाले की वरवट बकाल लागते. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा येथे आहे आणि डोंगराच्या पायथ्याकडे सरकले की संत्र्याच्या बागाही दिसू लागतात. अशा गावातील एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या चालकाने, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकाने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाने वेबसाइट काढायचे ठरवले, तर आज त्याला प्रोग्रामर शोधावा लागत नाही की खामगाव-अकोल्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. विक्स, वर्डप्रेस, स्क्वेअरस्पेस, गूगल साइट्स अशी साधने हाताशी आहेत. मथळा येथे, छायाचित्र तेथे, नकाशा त्याखाली, असे तुकडे ओढून जागेवर ठेवायचे की पान तयार होते. संगणकाची भाषा ठाऊक नसलेल्या नवख्या माणसाने या ‘ड्रॅग-अँड-ड्रॉप’ साधनांच्या वाटेला जावे का, हा प्रश्न आता शहरापुरता उरलेला नाही. त्याचे उत्तर मात्र साधन किती सोपे आहे यावरून मिळत नाही. तयार झालेली वस्तू कोणाच्या मालकीची, यावरून मिळते.

सोपेपणा ही काही या साधनांनी लावलेली नवी शोधाशोध नव्हे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचण्याबरोबर ते तेथल्या तेथे लिहिण्या-बदलण्याचीही सोय होती. पुढे ब्राउझर लोकप्रिय झाले ते केवळ वाचण्याचे यंत्र म्हणून, आणि लिहिण्याचे काम ‘एचटीएमएल’ जाणणाऱ्यांकडे गेले. तेव्हापासून सामान्य माणसाला लिहिण्याची सोय परत मिळवून देण्याचा धंदा अनेकांनी केला. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने फुकट जागा आणि तयार साचे देऊन लाखो हौशी लोकांना आपापली पाने उभारू दिली. याहूने ती कंपनी १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे समभाग देऊन विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपानबाहेरच्या जगासाठी तिला कुलूप लावले. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यातील बराच मजकूर वाचवला, म्हणून आज त्याचे अवशेष तरी पाहायला मिळतात. गूगलचे पेज क्रिएटर २००६ मध्ये आले आणि तीन वर्षांत गेले. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज अनेक वर्षे संगणक प्रशिक्षण वर्गांत शिकवले जात होते. तेही पुढे बंद झाले. या क्षेत्रात अमरपट्टा कोणालाच मिळालेला नाही.

भारतीय छोट्या व्यावसायिकाशी थेट संबंध असलेला अनुभव त्याहून अलीकडचा आहे, आणि तो नीट पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने होस्टगेटरसारख्या भागीदारांना घेऊन ‘इंडिया गेट युवर बिझनेस ऑनलाइन’ ही मोहीम सुरू केली. लहान उद्योजकाला तयार साच्यातून वेबसाइट आणि ‘डॉट इन’ नाव, दोन्ही पहिल्या वर्षी मोफत. त्यापुढे नूतनीकरणाचे शुल्क त्याने भरायचे. जानेवारी २०१७ मध्ये सुंदर पिचाई दिल्लीत आले, ‘फिक्की’च्या साथीने ‘डिजिटल अनलॉक्ड’ हा प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर झाला, आणि त्याचबरोबर मोबाइलवरून काही मिनिटांत वेबसाइट करून देणाऱ्या मोफत साधनाची घोषणा झाली. इंग्रजीखेरीज मराठीसह काही भारतीय भाषांत ते चालणार होते. नकाशावर दुकानाची नोंद केलेली असली की पत्ता, वेळ, दूरध्वनी, छायाचित्रे त्यातूनच उचलली जात आणि ‘बिझनेस डॉट साइट’ने संपणारे एक संकेतस्थळ तयार होई. खर्च शून्य. जिओमुळे २०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालेलेच होते. घोषणा अगदी योग्य वेळी झाली होती, असेच म्हणावे लागेल.

सात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, गूगलने ही सर्व संकेतस्थळे बंद होणार असल्याचे कळवले. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला दुकानाच्या नकाशावरील नोंदीकडे वळवले जात होते. त्यानंतर तो पत्ता कोठेच जाईना. कंपनीने पूर्वसूचना दिली होती, दुसऱ्या साधनांची नावेही सुचवली होती. नियमाच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. फुकट दिलेली वस्तू देणाऱ्याने परत घेतली, इतकेच.

तरीही नुकसान नेमके कशाचे झाले, हे ध्यानात घेतले पाहिजे. पानावरील मजकूर चार ओळींचा असे. तो पुन्हा लिहिता येतो. गेला तो पत्ता. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, पावतीपुस्तकावर आणि कापडी पिशवीवर छापलेला, जुन्या गिऱ्हाइकांनी मोबाइलमध्ये जपलेला पत्ता एका तारखेपासून निरुपयोगी ठरला. तो पत्ता दुकानदाराचा कधी नव्हताच. कंपनीच्या घराचा एक कोनाडा त्याला वापरायला दिलेला होता. ज्याने त्या काळात वर्षाकाठी काही शे रुपये भरून स्वतःच्या नावाने डोमेन घेतले होते आणि ते या मोफत पानाला जोडले होते, त्याला तेच नाव दुसऱ्या साधनाकडे वळवता आले. गिऱ्हाइकाला बदल कळलाही नसेल. दोघांनी वापरलेले साधन एकच, सोपेपणा तितकाच, आणि परिणाम इतके निराळे.

म्हणून अशी साधने वापरूच नयेत, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यात संगणक शिकलेले अधिक असतात, हा योगायोग नव्हे. त्यांची तुलना मुळातच चुकते. वरवट बकालच्या नवख्या माणसापुढे ओढून-बसवण्याचे साधन आणि स्वतः कोड लिहिणे असे दोन पर्याय नसतात. त्याच्यापुढचा दुसरा पर्याय म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचा ‘वेबसाइट करून देणारा’. हा माणूस बहुधा प्रामाणिकच असतो. पण नाव तो स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतो, पासवर्ड स्वतःजवळ ठेवतो आणि दोन वर्षांनी दुसऱ्या व्यवसायात गेलेला असतो. मग नूतनीकरणाची सूचना भलत्याच पेटीत पडते, मुदत उलटते, आणि मोकळे झालेले नाव कोणी जुगाराच्या जाहिरातींसाठी उचलतो. एखाद्या शाळेच्या जुन्या पत्त्यावर असले काही उघडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अतिरंजित वाटणार नाही. अशा मध्यस्थापेक्षा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खात्यात केलेले साधेसुधे पान केव्हाही बरे. दुकानाची वेळ बदलली, नवा क्रमांक आला, तर कोणाची मनधरणी न करता तो बदल करता येतो. नवख्यासाठी या साधनांचा खरा लाभ हाच आहे. तो लहान नाही.

सगळी साधने मात्र एका माळेचे मणी नव्हेत. विक्स ही २००६ मध्ये इस्रायलमध्ये स्थापन झालेली कंपनी. हाताळायला तिच्या साधनाइतके सोपे फार थोडे असेल. पण तेथे उभारलेली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेता येत नाही. घर बदलायचे तर सामान एकेक करून हाताने हलवावे लागते. वर्डप्रेसचे तसे नाही. २००३ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली मुक्त परवान्याखाली आहे, मराठीत उपलब्ध आहे, डिसेंबर २०१८ पासून तिच्यातही मजकुराचे ठोकळे हलवून पान रचता येते, आणि सारा मजकूर एका फायलीत काढून घेता येतो. मात्र ती स्वतःच्या जागेवर चालवायची तर अद्ययावत ठेवण्याची आणि सुरक्षिततेची जबाबदारीही आपलीच. दुर्लक्षित राहिलेली वर्डप्रेस साइट म्हणजे कडी न लावलेले गोदाम. विक्सच्या घरात चौकीदार कंपनीचा असतो. ज्याला महिन्यातून एकदाही साइट उघडून पाहायला फुरसत नाही, त्याने चौकीदार असलेले घर भाड्याने घ्यावे, फक्त नाव स्वतःचे ठेवावे. या बाबतीत तज्ज्ञांचा सल्ला अनेकदा उलटा असतो; पण तज्ज्ञाला फुरसत असते हे ते विसरतात.

मराठीत साइट करणाऱ्याला आणखी एक अडचण येते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. बहुतेक साचे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. मथळ्यातील अक्षरे सुटी सुटी, ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांच्यात अंतर सोडलेले असते. इंग्रजीत ते शोभते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाची लक्तरे होतात. ओळींमधील अंतर कमी असले की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. पानाची भाषा मराठी आहे असे सेटिंगमध्ये नोंदवले नाही, तर काही फॉन्ट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दाखवतात. राज्य शासनाने मराठीसाठी मान्य केलेला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ दिसत नाही. हे दोष दूर करणे अवघड नाही. अक्षरांमधील अंतर शून्य करायचे, ओळींचे अंतर वाढवायचे, भाषा मराठी निवडायची. पण साचा मनोहर दिसतो म्हणून तो जसाच्या तसा उचलणाऱ्या नवख्याला यातील काहीच ठाऊक नसते, आणि मग दोष मराठीला दिला जातो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला जुना मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य चिन्हे उमटतात, ते वेगळेच. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. अलीकडे ही साधने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे मजकूरही लिहून देऊ लागली आहेत. त्यांच्या मराठीत कृषी केंद्र ‘आपल्या यशाचा विश्वासू भागीदार’ होते, आणि बियाणे कोणत्या वाणाचे मिळते हे मात्र कळत नाही.

ओढून बसवलेल्या पानांचे वजनही जास्त असते. एका साध्या मथळ्यामागे साधन स्वतःच्या सोयीसाठी पुष्कळ कोड आणि लिपीसंच लादते. पुण्यात बसून ते जाणवत नाही. शेतातल्या बांधावर, मोबाइलला जेमतेम एक दांडी असताना, सरकत्या चित्रांनी सजवलेले मुखपृष्ठ उघडेपर्यंत शेतकरी दुसऱ्या दुकानाला फोन करून मोकळा होतो. एक छायाचित्र, तेही लहान करून, आणि बाकी मजकूर अक्षरांत: एवढे पथ्य पाळले तर हे संकट टळते.

वेबसाइटची गरज मुळात कोणाला आहे, हेही विचारले पाहिजे. गावातील किराणा दुकानाला किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजला नकाशावरील अचूक नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरते. त्यांचे गिऱ्हाईक पंचक्रोशीतले, ते शोधत येत नाही, ओळखीने येते. संत्रा किंवा तूरडाळ बाहेरच्या शहरांतील ग्राहकाला विकू पाहणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट निराळी. मुंबईतील खरेदीदार पैसे पाठवण्यापूर्वी नाव, नोंदणी, पत्ता, मालाची प्रत कोठेतरी स्थिर जागी पाहू इच्छितो. शाळा, वाचनालय, धर्मादाय संस्था यांनाही असे कायमचे पान हवे असते. आणि ज्या विद्यार्थ्याला वेबसाइट बनवण्याचाच व्यवसाय करायचा आहे, त्याने या साधनांवर फार काळ रेंगाळू नये. ती ज्या गोष्टी झाकतात, त्याच त्याला शिकायच्या आहेत.

नावाची किंमत अशी फार नाही. ‘डॉट इन’ २००५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुले झाले. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतील ‘डॉट भारत’ही मराठीसाठी घेता येते, जरी तो पत्ता अनेक ठिकाणी चिकटवला की देवनागरीऐवजी ‘एक्सएन’ने सुरू होणारी रोमन अक्षरांची रांग दिसते, तेव्हा तूर्त ते दुसरे नाव म्हणूनच ठेवावे. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर पाहून हुरळून न जाता दुसऱ्या वर्षीचा दर विचारावा. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतील मराठी माणसांनी सुरू केले. आतील यंत्रणा बदलत गेली, नाव तेच राहिले, आणि म्हणून वाचक आजही तेथे पोहोचतो.

व्यक्तीच्या बाबतीत हे सोपे आहे. संस्थेच्या बाबतीत नाव कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या मोबाइल क्रमांकावर नोंदवायचे, हा पेच उरतो. उत्पादक कंपनीचे संचालक बदलतात, मुख्याध्यापकांची बदली होते, आणि ओटीपी मात्र जुन्याच माणसाच्या फोनवर जात राहतो. दप्तर हस्तांतरित करताना कपाटाच्या किल्ल्या आणि चेकबुक मोजून घेतले जाते. त्या यादीत डोमेनचे खाते, त्याचा पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख अशी एक ओळ वाढवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.