आहारतज्ज्ञ आपल्यातूनही घडावेत

बारावी विज्ञान झालेल्या मुलीला आपण नर्सिंग किंवा डी.एड. सुचवितो, मीही वर्षानुवर्षे तेच केले. वास्तविक एसएनडीटी महिला विद्यापीठात पोषण व आहारशास्त्र शिकता येते, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश आरोग्यसेवेतील व्यावसायिकांच्या यादीत केला आहे.

रुग्णालयातून मिळणाऱ्या आहारतक्त्यात ओट्स, सफरचंद असते. कळण्याची भाकरी, अंबाडी, सुकट नसते. शिंदखेड्याची शेतमजूर आई तो तक्ता घडी करून ठेवून देते. पाळणार कशाच्या बळावर? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातील दलितांच्या ताटाचा इतिहास लिहिला. आपल्या खानदेशी ताटातले लोह आणि प्रथिने मोजून त्यावर आधारलेला तक्ता लिहिणारी मुलगी याच वसतिगृहातून का निघू नये? यंदाच्या पालकसभेत हा अभ्यासक्रम मी प्रथमच मांडणार आहे.