मुलाला जहाजावर पाठवावे का?

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांत एक चर्चा हमखास सुरू होते : मुलाला जहाजावर पाठवायचे का? हल्ली तिला नवी काळजी चिकटली आहे. आता म्हणे जहाजे आपोआप चालणार! मग जी. पी. रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स, त्याची फी, त्यासाठी अम्मीने मोडलेले दागिने, हे सगळे वाया जाईल का?

यंत्राने जहाजावरचे काम काढून घेणे आपल्या घराण्यांना नवे नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर आपल्या कोकणातले सारंग, टंडेल आणि खलाशी असत. त्याच बोटींच्या तळाशी आगवाले बॉयलरमध्ये कोळसा टाकत. तेलावरची इंजिने आली आणि आगवाल्याचे काम संपले. पुढे उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रणा आली. १ फेब्रुवारी १९९९ पासून ती पूर्णपणे लागू झाली आणि रेडिओ ऑफिसरची नोकरी जवळपास नाहीशी झाली. आज बऱ्याच जहाजांच्या इंजिन रूममध्ये रात्री कोणी बसत नाही. अलार्म वाजला की इंजिनीअर झोपेतून उठून खाली जातो.

पण दुसरी बाजूही पाहा. २०१० साली मनिला येथे खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि त्यांत इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर या पदाला स्वतंत्र जागा मिळाली. जहाजावर वायरी, सेन्सर आणि संगणक वाढले, म्हणून ते सांभाळणारा माणूस लागला. एक काम गेले, दुसरे आले. मात्र गेलेले काम मेहनतीचे होते आणि आलेले काम शिक्षणाचे. खरी काळजी इथे आहे.

माणसाविना चालणाऱ्या जहाजांत नॉर्वेच्या ‘यारा बर्कलँड’चे नाव नेहमी घेतले जाते. ते विजेवर चालते, सुमारे १२० कंटेनर नेते आणि खत कारखान्यातून जवळच्याच ब्रेविक बंदरापर्यंत जाते. २०२२ साली ते कामाला लागले, तेव्हा सुरुवातीला त्यावरही माणसे ठेवावी लागली. घराजवळची फेरी आणि मुंबईहून रॉटरडॅमचा प्रवास यांत फार अंतर आहे. भर समुद्रात पंप बंद पडला, कंटेनरला आग लागली, तर किनाऱ्यावरचा संगणक पाना घेऊन येणार नाही.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला ‘डाली’ या जहाजाची वीज गेली आणि ते पुलावर आदळले. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. तरी जहाजावरून वेळेत इशारा मिळाल्याने पोलिसांनी वाहने थांबवली आणि कितीतरी जीव वाचले. त्या जहाजावरचे एकवीसपैकी वीस कर्मचारी भारतीय होते.

म्हणजे जहाजे एवढ्यात रिकामी होणार नाहीत. जहाजमालकांच्या संघटनांच्या २०२१ च्या अहवालात तर २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील, असा अंदाज होता. लक्षात घ्या, हा आकडा अधिकाऱ्यांचा आहे. टेहळणी, नोंदी ठेवणे, टाक्यांची मापे घेणे ही कामे यंत्र हळूहळू आपल्याकडे घेईल. झळ आधी खालच्या पायरीला लागेल, आणि आपली बरीच मुले त्याच पायरीवर उभी आहेत.

म्हणून मुलाला पाठवायचे तर वरच्या पायरीची तयारी करून पाठवा. गणित आणि इंग्रजी चांगले असेल तर दहावीनंतर घाई करू नका. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करू द्या. त्यानंतर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसरचा काही महिन्यांचा कोर्स करता येतो. पुढे जहाजावर जमले नाही, तरी डिप्लोमा जमिनीवरही रोजी देतो. जो आधीच रेटिंग म्हणून चढला आहे, त्याने ठरावीक समुद्रसेवा भरताच वरच्या परीक्षेला बसावे. तो सुट्टीवर आला की लग्ने, घराचे बांधकाम आणि पाहुणचार यांतच महिने निघून जातात. त्यातले दोन महिने अभ्यासाला देणे ही साऱ्या घराची जबाबदारी समजा.

आणि एजंटपासून सावध राहा. “जहाजे कमी होतायत, आत्ताच पैसे भरा, जागा पक्की करतो,” असे म्हणणारे भेटतील. खलाशी भरती करणाऱ्याकडे आर. पी. एस. एल. परवाना असावाच लागतो. तो नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला सागरी कामगार कराराने मनाई केली आहे आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला आहे. कोर्सची फीसुद्धा संस्था मान्यताप्राप्त आहे याची खात्री करूनच भरा.

दर्याने आपल्या कित्येक पिढ्यांना पोसले. पुढेही पोसेल, इन्शाअल्लाह. मात्र आजोबांना दोरखंडाची गाठ पक्की यावी लागे, तशी नातवाला सर्किटची आकृती वाचता आली पाहिजे.