निष्काळजी कोण?

विमानतळावर राबणारा माणूस मेला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक शब्द हमखास येतो, निष्काळजीपणा. कुणाचा, हे लिहावं लागत नाही. मेलेल्याचाच.

१६ डिसेंबर २०१५ ची रात्र. मुंबईहून हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं विमान जागेवरून मागे ढकललं जात होतं. एक तंत्रज्ञ पुढच्या चाकाजवळ उभा होता, इंजिनाकडे पाठ करून. सहवैमानिकाने इशाऱ्याचा चुकीचा अर्थ घेतल्याचं तेव्हा समोर आलं. इंजिनाने त्या माणसाला आत ओढलं. जुलै २०१९ मध्ये कोलकात्यात उभ्या विमानाच्या चाकाच्या कप्प्यात काम करणारा तरुण तंत्रज्ञ दारात अडकून गेला. दोन्ही बातम्या दोन-चार दिवस चालल्या आणि विरल्या.

हे फक्त आपल्याकडेच होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेचं उदाहरण देतो. ३१ डिसेंबर २०२२, अलाबामातलं माँटगोमेरी विमानतळ. गेटवर येऊन थांबलेल्या विमानाचं एक इंजिन चालू होतं. का चालू होतं? कारण शेपटीतलं छोटं सहायक इंजिन, ज्याला एपीयू म्हणतात, ते बंद पडलेलं होतं. उभ्या विमानाला वीज पुरवायचं काम त्याचं. ते नसेल तर जमिनीवरून वीज जोडेपर्यंत मोठं इंजिन चालू ठेवतात. नियमाला हे चालतं. कामगारांना आधी सूचना दिली होती, एकदा नव्हे, दोनदा. तरीही तीन मुलांची आई असलेली एक कामगार सुरक्षेचा शंकू ठेवायला गेली आणि इंजिनासमोर आली. सहकाऱ्याने हात हलवून तिला मागे फिरायला सांगितलं होतं. कंपनीला दंड झाला १५,६२५ डॉलर.

म्हणजे चूक तिचीच, नाही का? सूचना तर दिली होती! मला हा युक्तिवाद मान्य नाही. एपीयू दुरुस्त न करता विमान उडवायचं कुणी ठरवलं? तिने नाही. दुरुस्ती पुढे ढकलण्याची सवलत कंपनीला मिळाली आणि धोका शंकू उचलणारीच्या वाट्याला आला. एक माणूस एका क्षणी विसरला तर मरणार, अशी व्यवस्था करायची आणि वर त्याच्या विसरण्याला दोष द्यायचा!

माझा मामेभाऊ काही वर्षं कंत्राटी लोडर होता. विमानाच्या पोटाखालची लाल बत्ती लुकलुकायची थांबेपर्यंत जवळ जायचं नाही, हा पहिला धडा. "भाईजान, बत्ती विझायची वाट बघत उभा राहिलो की वॉकीवर सुपरवायझर ओरडायचा," तो सांगायचा. नियम भिंतीवर आणि घाई कानात. कारण स्वस्त तिकिटांचं गणितच असं आहे, की अर्ध्या तासात विमान रिकामं करून, भरून परत उडवायचं. सगळी मिनिटं वाचवायची ती याच लोकांच्या अंगावरून.

डीजीसीए दर महिन्याला आकडेवारी देतं. कुठल्या कंपनीची विमानं किती वेळेवर निघाली, किती रद्द झाली, किती प्रवाशांनी तक्रारी केल्या, सगळं असतं. गेटवर किती कामगार जखमी झाले, हा रकाना त्यात नाही. उशीर मोजला जातो, मोडलेली बोटं नाहीत. मग सुपरवायझर कशासाठी ओरडेल?

मे २०२५ मध्ये एका तुर्की ग्राउंड हँडलिंग कंपनीची सुरक्षा मंजुरी सरकारने काढून घेतली. तेव्हा टीव्हीवर कंपनीच्या देशाची चर्चा झाली, तिथे राबणाऱ्या हजारो भारतीय पोरांची नोकरी कुणाच्या हाताखाली जाणार एवढीच चर्चा झाली. नव्या मालकाकडे त्यांना किती तासांची पाळी असेल, कानाला संरक्षण मिळेल का, हे विचारताना मी तरी कुणाला पाहिलं नाही. जुलै २०२४ मध्ये कलिन्यात याच कामाच्या दोन हजारांवर जागांसाठी पंचवीस हजारांच्या आसपास लोक जमले, चेंगराचेंगरीची वेळ आली. दाराबाहेर एवढे उभे असताना आतला पोरगा "बत्ती चालू आहे, मी जाणार नाही" असं कोणत्या जोरावर म्हणेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. एपीयू बंद असलेलं विमान गेटवर येत असेल तर वीज जोडणारा सोडून बाकी कुणीही इंजिन थांबेपर्यंत रेषेच्या आत जायचं नाही, आणि त्यात गेलेला वेळ उशीर म्हणून मोजायचा नाही. शिवाय डीजीसीएच्या त्या मासिक तक्त्यात जखमी कामगारांचा एक रकाना वाढवा, कंत्राटदाराच्या नव्हे, विमान कंपनीच्या नावापुढे.