नळ आला, आता पाणी तपासून घ्या: टीडीएस मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

तुमच्या घरी जल जीवन मिशनचा नळ लागला असेल, तर पाण्याबरोबर आणखी एक सोय तुम्हाला मिळालेली आहे. ते पाणी पिण्यायोग्य आहे का, हे तुम्ही गावातच तपासून घेऊ शकता आणि शंका आली तर सरकारी प्रयोगशाळेत नाममात्र शुल्कात नमुना देऊ शकता. नळाची सोय सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणीची सोय मात्र कोणी विचारल्याशिवाय हलत नाही. पंचायतीकडे आलेला तपासणी संच कपाटात पडून राहिला, तरी त्यामुळे कोणाचे पाणी बंद होत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का, ते आधी पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी योजना जाहीर झाली तेव्हा देशातील ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. आता ही संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली आणि त्यावेळी भर दिला गेला तो कामाचा दर्जा आणि देखभाल-दुरुस्ती यांवर. म्हणजे अनेक गावांत जोडण्या मोजण्याचे काम संपत आले आहे. योजनेचे मूळ वचन तीन गोष्टींचे आहे: माणशी रोज ५५ लिटर पाणी, ते नियमित आणि भारतीय मानक ब्युरोच्या १०५०० क्रमांकाच्या मानकात बसणारे. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला हंडा भरताना कळतात. तिसरी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

दिसायला स्वच्छ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे, याची आठवण पुणेकरांना जानेवारी २०२५ मध्ये झाली. सिंहगड रस्ता आणि लगतच्या भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. दूषित पाणी आणि अन्नातून तो पोटात जातो. त्यानंतर त्या भागातील विहिरी, टँकर आणि घरोघरच्या नळांच्या पाण्याचे नमुने तपासण्याची धावपळ सुरू झाली. ही तपासणी आजार पसरण्याआधी करण्याची गोष्ट आहे.

टीडीएस मीटरबद्दलचा गैरसमज

घरी पाणी तपासायचे म्हटले की बहुतेकांच्या हातात टीडीएस मीटर येतो. पेनसारखे हे यंत्र स्वस्त आहे, पाण्यात बुडवले की आकडा दाखवते. पण हा आकडा फक्त पाण्यात विरघळलेले क्षार एकूण किती, एवढेच सांगतो. मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले मानले जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. पाणी मचूळ का लागते, भांड्यांवर पांढरे डाग का पडतात, यासाठी मीटरचा उपयोग आहे.

जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही. गटाराचे पाणी थोडेसे मिसळलेल्या नळाचा आकडा १५० असू शकतो आणि स्वच्छ बोअरवेलचा ७००. यातले आजारी पाडणारे पाणी पहिले आहे. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांचे धोकादायक प्रमाण इतके कमी असते की एकूण क्षारांच्या आकड्यात ते कळतच नाही. फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे, आर्सेनिकची ०.०१. पाचशेच्या आकड्यात दीड मिलिग्रॅम कुठे शोधणार?

दारावर येणाऱ्या विक्रेत्याचा एक प्रयोगही ओळखून ठेवा. तो तुमच्या पाण्यात धातूच्या कांड्या सोडून वीज लावतो, मिनिटभरात पाणी तपकिरी होते आणि तो म्हणतो, बघा, हे तुम्ही पीत होता. तो गाळ मुख्यतः त्या कांड्यांच्या लोखंडाचा असतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून त्याच्या मशीनचे पाणी तसेच राहते. या प्रयोगाने पाण्याची शुद्धता सिद्ध होत नाही. त्यावर विसंबून हप्त्याने मशीन घेऊ नका.

मग काय तपासायचे?

नळयोजनेच्या पाण्यासाठी सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी तपासणी क्लोरीनची आहे. शुद्धीकरण केलेल्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, म्हणजे पाइपमध्ये वाटेत जंतू शिरले तरी ते मरतात. तुमच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवा. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब किंवा गोळी टाकायची आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. जुन्या ओटी टेस्टमध्ये रंग पिवळा येतो, डीपीडी गोळीने गुलाबी. रंगच आला नाही, तर टाकीत टीसीएल पावडर पडलेली नाही, किंवा वाटेत इतकी घाण मिसळली की क्लोरीन तिथेच संपला. दोन्ही वेळा पंचायतीला लगेच कळवायचे.

दुसरी तपासणी जंतूंची, एच२एस बाटलीने. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावून घरात उबदार जागी ठेवा आणि २४ ते ४८ तासांनी पाहा. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची शक्यता आहे. पुढची खात्री प्रयोगशाळेत होते. बाटलीच्या आत बोट लावू नका आणि काम झाल्यावर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. ब्लीचिंग पावडर टाकून मगच पाणी ओता.

फ्लोराइड, नायट्रेट, लोह, कठीणपणा यांच्या चाचण्या गावच्या तपासणी संचात असतात. कोणती चाचणी अधिक महत्त्वाची, हे तुम्ही कुठे राहता यावर ठरते. यवतमाळ, चंद्रपूर किंवा तेलंगणातील नलगोंडा भागात बोअरवेलचे पाणी पीत असाल, तर फ्लोराइड आधी पाहा. लहान मुलांच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग ही त्याची खूण असते. भरपूर खत पडणाऱ्या शेताजवळ किंवा शोषखड्ड्याजवळ विहीर असेल, तर नायट्रेट. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते सर्वाधिक घातक ठरते. बिहार किंवा पश्चिम बंगालमध्ये गंगेकाठी हातपंपाचे पाणी पिणाऱ्यांनी आर्सेनिकसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. त्याला ना रंग असतो ना चव.

एकाच जागेची तपासणी पुरेशी नाही

घरच्या तपासणीचा खरा फायदा मिळतो तो एकाच दिवशी तीन ठिकाणचे पाणी तपासले तर: थेट नळाचे, छतावरच्या टाकीचे आणि पिण्याच्या माठाचे. नळाचे पाणी चांगले आणि टाकीचे खराब निघाले, तर पंचायतीशी भांडण्यात अर्थ नाही, टाकी घासायची आहे. टाकीपर्यंत सगळे ठीक आणि माठात दोष असेल, तर माठात हात बुडवून पेला भरण्याची सवय कारणीभूत आहे. ओगराळे किंवा तोटीचा माठ वापरा. नळालाच दोष असेल, तर शेजारच्या दोन-तीन घरी आणि गावच्या मोठ्या टाकीजवळ तपासा. टाकीजवळ ठीक आणि तुमच्या आळीत खराब म्हणजे मधली पाइपलाइन कुठेतरी फुटली आहे. ही माहिती हाती असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला अख्खे गाव खणावे लागत नाही.

आपल्याकडे पाणी ठरावीक वेळच येते. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि गळतीच्या जागेतून बाहेरचे पाणी आत शिरते. म्हणून सुटल्यावरचे पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नका. नळाला थेट मोटर लावली की हेच अधिक जोराने होते, कारण मोटर आजूबाजूचे सांडपाणीही ओढून घेते, आणि ते केवळ मोटर लावणाऱ्याच्या घरी जात नाही. मोटरीचा विषय ग्रामसभेत काढणे अवघड असते, हे खरे. तरी तो काढावा लागेल.

कोणाला विचारायचे?

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गावात पाच जणींना, शक्यतो महिलांना, तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यायचे आहे. देशभरात अशा २४ लाखांहून अधिक महिलांना प्रशिक्षण मिळाले आहे. तुमच्या गावातील या पाच जणी कोण, हे ग्रामसेवकाला किंवा ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला विचारा. या समितीत निम्म्या महिला असणे अपेक्षित आहे. संच संपला असेल, औषधांची मुदत उलटली असेल, तर तसे लेखी कळवा. मुदत गेलेल्या औषधाचा निकाल धरायचा नाही.

स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, व्हायला हवी. निकाल जल जीवन मिशनच्या डॅशबोर्डवर ‘सिटिझन कॉर्नर’ या भागात गाव निवडून पाहता येतात. गावाच्या नावापुढे वर्षभरात एकही नमुना दिसत नसेल, तर ग्रामसभेत विचारायचा पहिला प्रश्न तोच. महाराष्ट्रात याखेरीज लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड आहे. स्रोत व परिसराच्या स्वच्छतेची पाहणी करून ते ग्रामपंचायतीला मिळते. तुमच्या पंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, ते विचारा.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत जा. मध्य प्रदेशासारख्या राज्यात हे काम लोक आरोग्य अभियांत्रिकी खाते पाहते. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. घरची धुतलेली बाटली चालत नाही. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या, मग भरा, थंड ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवा. पावती व निकालाची प्रत जपून ठेवा. शहरात ही जबाबदारी महापालिकेची किंवा नगरपालिकेची आहे आणि तक्रार वॉर्ड कार्यालयात नोंदवून क्रमांक घ्यायचा.

निकाल वाईट आला तर

जंतू निघाले, तर पाणी खळखळून उकळा, किंवा आशाताईंकडे मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी करून घ्या. फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक निघाले, तर उकळू नका. पाणी आटते आणि क्षार तितकेच राहतात, म्हणजे प्रमाण वाढते. अशा वेळी पिण्याचा आणि स्वयंपाकाचा स्रोत बदलणे हाच उपाय आहे. सुरक्षित नळयोजना होईपर्यंत अशा वस्त्यांत सामुदायिक जलशुद्धीकरण केंद्र उभारून पिण्या-रांधण्यापुरते माणशी ८ ते १० लिटर पाणी देण्याची तरतूद योजनेत आहे. ती मागताना निकालाची प्रत अर्जाला जोडा आणि अर्जाची पोच घ्या. उत्तर आले नाही, तर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर तीच प्रत चढवता येते.