मुलांचे गुण आणि वडिलांची हाव

जादूच्या गोष्टींनी मुले बिघडतात, अशी तक्रार आमच्या परप्रांतस्थ अधिकारी-बांधवांकडून वरचेवर ऐकू येते. आम्हांस ती मुळातच मान्य नाही. लिसा ग्राफ या अमेरिकन लेखिकेची २०१३ साली निघालेली ‘अ टँगल ऑफ नॉट्स’ ही कादंबरी तक्रारदारांनी आधी स्वतः वाचावी. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावी, हरवलेल्या सामानाच्या एका दुकानाभोवती ती घडते. एका निळ्या प्रवासी पेटीपायी अनेकांची आयुष्ये एकमेकांत गुंतत जातात. तेथे बहुतेकांच्या अंगी एकेक जादूचा गुण आहे. ज्यांच्या अंगी नाही त्यांची गणना निराळी. केडी ही अनाथ मुलगी समोरच्या माणसास नेमका साजेल असा केक करते. (केकच्या कृतीही दिल्या आहेत, आमच्या मते त्या जरा अधिकच झाल्या.) परंतु आमचे लक्ष वेधते ती मॅरिगोल्ड. आपला गुण कोणता, हे त्या पोरीला काही केल्या उमगत नाही, आणि ती सारखी त्याच्या शोधात आहे.

ही पोर आपणांस परकी आहे काय? बदलीगणिक नवी शाळा, नवी भाषा, वर तबल्याची आणि बुद्धिबळाची शिकवणी; आणि ‘हिच्यात विशेष असे काय?’ हा प्रश्न तिच्यादेखत, पाहुण्यांसमोर! मूल खचते ते या प्रश्नाने. जादूवर खापर फोडणे सोयीचे आहे, इतकेच. मंडळाच्या ग्रंथालयातून असली पुस्तके वगळण्याचा ठराव कोणास आणावयाचा असल्यास त्याने खुशाल आणावा. आम्ही विरुद्ध मत देऊ.