ग्रंथ मांत्रिकाच्या हाती, केरसुणी बाईखाली!

भांडुपला लोकलमध्ये चढावे, तर डब्याच्या भिंतीवर कोण्या बाबाची जाहिरात चिकटवलेली दिसते. नोकरी, लग्न, करणी, सवत, सर्वांवर हमखास उपाय! उपाय करणारा पुरुष. करणी केल्याचा संशय मात्र बहुधा बाईवर. हा पंक्तिप्रपंच युरोपातील जुन्या छापील चित्रांतही आढळतो.

अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने १५६५ साली चित्रकार ब्रूगेलची दोन चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरवून छापली. पहिल्यात संत याकोब हर्मोजेनिस नावाच्या मांत्रिकासमोर उभा आहे. मांत्रिक ऐटीत बसून ग्रंथ वाचतो आहे. बाया मात्र केरसुणीवर स्वार होऊन धुराड्यातून उडत आहेत. दुसऱ्या चित्रात भुतेच मांत्रिकाला खुर्चीवरून उलटा पाडतात.

त्याआधी, १५०० च्या सुमारास, ड्यूररने बोकडावर उलट्या तोंडाने बसलेली नग्न म्हातारी कोरली. त्याच हाताने त्याने अपोलो आणि हर्क्युलिस यांना पीळदार देह दिले. इतकेच नव्हे, तर अपोलोचे देहसौष्ठव प्रभू ख्रिस्ताच्या चित्रासाठी वापरावे, असा विचारही मांडला. परक्या देवाला ख्रिस्ताच्या घरी मान, आणि गावच्या म्हातारीला बोकड! ही केवळ चित्रकाराची लहर नव्हती. १४८६ च्या सुमारास एका दोमिनिकन धर्मगुरूनेच चेटकिणींविरुद्ध ग्रंथ लिहिला होता. पुढे युरोपात हजारो स्त्रिया या आरोपाखाली मारल्या गेल्या. हे पाप ख्रिस्ती समाजाचे आहे. ते झाकून चालणार नाही.

‘आम्ही ख्रिस्ती, आम्ही असले काही मानत नाही,’ असे कुणी म्हणेल. मग मूल तापाने फणफणले की ‘नजर लागली’ म्हणून कुणाचे नाव कुजबुजले जाते? शेजारच्या एकाकी विधवेचे, निपुत्रिक सुनेचे! आणि रविवारी मिस्सा ऐकून आडवारी गुपचूप पाय वळतात ते कुणाकडे? बाबाकडेच ना? एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे असह्य करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कुजबुज कोणत्या कायद्याला सापडणार?

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन जादूगार पवित्र आत्म्याची शक्ती पैशाने विकत घेऊ पाहतो. पेत्र त्याला खडसावतो. आपण मात्र बाबाला पैसे मोजतो आणि त्या विधवेला पाण्यात पाहतो. आख्यायिकेतील याकोबाने बांधून आणलेल्या मांत्रिकालाही मोकळे केले; त्याची जादूची पुस्तके तेवढी समुद्रात टाकायला लावली. आपल्या धर्मग्रामात बुडवायचे आहे ते बाबाचे दुकान. त्या विधवेला घरी जेवायला बोलवा, आणि तिच्या हातचा घास आपल्या मुलांना खाऊ द्या.